विकतचा घेवडा

वेल्डनने पहिला घास तोंडात घातला आणि चावता चावता तो थांबला. मी समोर बसून लेटीला भरवत होते, पण लक्ष त्याच्याकडेच होतं. माझं लक्ष असतंच. लेटी झाल्यापासून घरात कुणी खोकलं तरी माझी मान वर होते. त्याने घास गालात धरला, काट्याने ताटातली एक शेंग उलटीपालटी केली आणि मग सावकाश गिळला.

"हा घेवडा कुठला?"

मी म्हणाले, शनिवारच्या बाजारातला.

"बाजारात कुणाचा, ते विचारतोय मी, रो."

खरं तर विचारायची गरज नव्हती. आमच्या या डोंगरांत प्रत्येक घळीत घेवड्याचं बियाणं वेगळं असतं आणि ते त्या घराण्याच्या नावानेच ओळखलं जातं. फ्यूगेटांचा घेवडा म्हणजे आखूड, तेल चोळल्यासारखी तुकतुकीत शेंग, आत दाणे इतके ठासून भरलेले की सालीवर गाठी उठतात. वेल्डनची पणजी लग्न होऊन डोंगरापलीकडून आली तेव्हा तिने ते बी परकराच्या काठात शिवून आणलं होतं म्हणे. वेल्डन त्याच घेवड्यावर वाढला. त्याच्यापुढे हा घेवडा ठेवून तो कुणाचा हे लपवणं म्हणजे त्याच्या आईचा आवाज ऐकवून ही कोण म्हणून विचारण्यासारखं होतं.

"तुझ्या वडिलांचा," मी म्हणाले. "विकत घेतला."

त्याने काटा खाली ठेवला.

बापलेकांचं बोलणं दोन वर्षांपूर्वी थांबलं होतं. एस्टिलना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मुलगा जमिनीवर हवा होता. वेल्डनने महामार्गालगतच्या कारखान्यात नोकरी धरली. तिथे मोटारींचे सुटे भाग बनत. कबरींना फुलं वाहायच्या रविवारी, सगळं गोत टेकडीवर जमलेलं असताना, दोघांची जुंपली. कारखाना आज ना उद्या बंद पडेल आणि तू ताट घेऊन माझ्या दारात उभा राहशील, असं एस्टिल म्हणाले. उपाशी मरेन, पण तुमच्या हातची एक शेंग फुकट खाणार नाही, असं वेल्डन म्हणाला. बायका हातातली फुलं तशीच धरून उभ्या राहिल्या. मग या वर्षी वसंतात कारखाना खरोखरच बंद पडला. त्यानंतर वेल्डन घरात असला की एखादा माणूस दुसऱ्याच्या घरी बसावा तसा बसायचा, खुर्चीच्या कडेवर.

"घेतले त्याने पैसे?" त्याने विचारलं.

"पैशांच्या जागी बाजारातले बिल्ले घेतले. पाटीवर लिहिलेल्या भावाने."

"सगळे?"

"सगळे."

लेटीने तेवढ्यात माझ्या हातातला चमचा ढकलून दिला आणि वाडग्यात मूठ घातली. शिजून मऊ झालेल्या शेंगा तिच्या बोटांतून बाहेर येत होत्या आणि ती त्या मुठीसकट तोंडात कोंबत होती. हे आम्ही दोघांनी याआधी कधी पाहिलं नव्हतं. वेल्डन बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"त्याने दिलेलं असेल तर या घरात एक दाणा नको," तो म्हणाला. "विकतचं असेल तर चालेल."

मी त्याला शब्द दिला की विकतचंच असेल. त्याने काटा उचलला.

लेटीबद्दल सांगायला हवं. ती दीड वर्षाची होती आणि दुधाखेरीज काही घेत नव्हती. गावातल्या दवाखान्यात तिच्या बोटाला टोचून रक्त पाहिलं तेव्हा नर्सच्या कपाळावर आठी आली. रक्तात लोह फार कमी आहे, ती म्हणाली. थेंब दिले, लेटीने ते ओकून टाकले, पुन्हा दिले, पुन्हा ओकले. दूध कमी करा, शेंगा द्या, पालेभाज्या द्या, टोमॅटो द्या, आणि आकडा चढला नाही तर लेक्सिंग्टनच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल, असं तिने सांगितलं. तेव्हापासून मी दिवसातून कितीदा तरी लेटीची खालची पापणी ओढून आतला रंग बघायचे. आत गुलाबी हवं. आत कागदासारखं होतं.

गरजू घरांना खाण्याच्या वस्तूंसाठी सरकार देतं ते फूड स्टॅम्पचं कार्ड मिळालं होतं. कॉलेजात असताना मी याच योजनेवर एक लांबलचक निबंध लिहिला होता, आकडे आणि तक्ते घालून, आणि त्याला चांगले गुणही मिळाले होते. रांगेत उभं राहिल्यावर कुठे बघायचं असतं, हे त्यात एका ओळीनेही आलं नव्हतं. वेल्डनचं म्हणणं, कार्ड वापरायचं तर दोन गावं सोडून पलीकडच्या मोठ्या दुकानात वापर, तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही. तिथल्या भाज्या आठवडाभर गाडीतून प्रवास करून आलेल्या असायच्या आणि आमच्या गाडीला तिथवर जायला पेट्रोल लागायचं. शनिवारी कोर्टासमोरच्या पार्किंगमध्ये भरणाऱ्या बाजारात मात्र कार्डावर जितके बिल्ले घ्याल तितकेच आणखी वरून मिळतात, हिरवा शिक्का मारलेले, फक्त फळं आणि भाज्यांसाठी. एका आठवड्याची भाजी दोन आठवडे पुरते. हे मला कळत होतं आणि एस्टिलचा ट्रक दर शनिवारी त्याच पार्किंगच्या कोपऱ्यात उभा असतो हेही ठाऊक होतं. जुलैपर्यंत मी हे दोन्ही मनात घेऊन घरी बसले. मग एके दिवशी लेटी दुपारी झोपली ती उठायलाच तयार होईना. उठली, पण मी ठरवलं.

बाजाराच्या मधोमध बाजारप्रमुख मिस ओपल यांचा निळा तंबू. कार्ड त्यांच्या यंत्रात घालायचं, किती ते मोठ्याने सांगायचं, कारण मिस ओपलना एका कानाने ऐकू येत नाही, आणि त्या ओंजळीत लाकडी बिल्ले ओततात. खिशात घातले की चालताना वाजतात. तंबूभोवतीच्या सगळ्या गाड्यांवरून लोक आपल्याकडे बघताहेत असं मला वाटत होतं. खरं तर मक्याच्या कणसांपलीकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

एस्टिलच्या ट्रकवरून मी सरळ पुढे जाणार होते. पण लेटी कडेवर होती आणि ट्रकची मागची फळी नेमकी तिच्या हाताच्या उंचीवर. तिने शेंगांच्या ढिगातून एक उचलली आणि चावली. कच्चा घेवडा मुलांच्या पोटाला बरा नाही, म्हणून मी बोट घालून तिच्या तोंडातून तो काढला. ती अशी रडायला लागली की सगळ्या बाजाराने माना वळवल्या. एस्टिल स्टुलावर बसले होते. ते उठले नाहीत. नातीकडे त्यांनी एकदाच पाहिलं, तेही टोपीच्या छायेतून.

"भाव पाटीवर आहे," ते म्हणाले.

मी बिल्ले दिले. बिल्ल्यांवर सुटे परत द्यायचे नाहीत असा बाजाराचा नियम आहे. म्हणून जेवढं उरतं तेवढं विकणारा मापात वर घालतो. एस्टिलनी मूठभर शेंगा वर टाकल्या, त्यातल्या दोन परत काढून घेतल्या आणि पिशवी माझ्याकडे सरकवली. वेल्डनबद्दल त्यांनी विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. इतर गिऱ्हाइकांचे बिल्ले ते कॉफीच्या डब्यात टाकत होते. माझे त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवले आणि वरचं बटण लावलं. ते मी पाहिलं. मला वाटलं, सुनेने लाकडाने पैसे चुकवले हे शेजारच्या गाडीवाल्यांना दिसू नये, म्हणून असेल. लाज दोन्हीकडून सारखीच आहे असं वाटून मला उलट थोडं हलकं वाटलं.

घेवडा कसा शिजवायचा ते मला आधी ठाऊक नव्हतं. मी शहरातली. शिरा काढून, खारवलेल्या डुकराच्या चरबीचा तुकडा टाकून सकाळभर मंद आचेवर ठेवायचा, हे वेल्डनच्या आईने मरायच्या आदल्या वर्षी मला दाखवलं होतं. मी तसं केलं. आणि त्या रात्री तो प्रसंग झाला, जो मी वर सांगितला.

मग शनिवार ठरूनच गेला. लेटी मक्याचा पाव शेंगांच्या पाण्यात बुडवून खायला शिकली. टोमॅटो चोखायला शिकली. दवाखान्यात पुन्हा टोचलं, आकडा थोडा चढला होता. नर्स म्हणाली, जे काय करताय ते सोडू नका. मी गाडीत येऊन बसले आणि चावी फिरवण्याआधी पुन्हा एकदा तिची पापणी ओढून पाहिली. नर्सवर विश्वास नव्हता असं नाही.

एस्टिल आणि माझ्यात फार बोलणं होत नसे. मी त्यांना आकडा सांगितला. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या शनिवारी आकडा आपणहून विचारला. शेजारच्या गाडीवर मध विकणाऱ्या मिस व्हर्नींना मात्र सगळ्यांच्या मापात तोंड घालायची सवय. एकदा एस्टिल वर मूठ घालून त्यातल्या दोनचार शेंगा काढून घेताना त्यांनी पाहिलं.

"अरे कंजुषा, सून आहे ती तुझी. दोन शेंगा काढून घेऊन काय राजवाडा बांधणार आहेस?"

"इथे ती गिऱ्हाईक आहे," एस्टिल म्हणाले. "तूही घे की विकत कधीतरी. फुकटचं चाखून चाखून दात गेले तुझे."

मिस व्हर्नी हसल्या. मीही हसले, पण मला घरी जायची घाई झाली. हे वाक्य वेल्डनला सांगायचं होतं. रात्री मी ते सांगितलं तेव्हा त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला. दोन शेंगा काढून घेतल्या हे त्याने मला पुन्हा सांगायला लावलं. त्या दोन शेंगांनी त्याला जे दिलं ते मूठभर जास्त घेवड्याने दिलं नसतं. त्या आठवड्यात तो गॅरेजवाल्याकडे काम विचारायला गेला. हंगामी का होईना, काम मिळालं, आठवड्यातले काही दिवस. कार्ड अजून लागतच होतं.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार म्हणजे बाजाराचाही शेवटचा. त्यानंतर थेट मे महिन्यात. पार्किंगमध्ये निम्म्याच गाड्या होत्या. भोपळे, रताळी, दंव पडायच्या आत घाईघाईने तोडलेला राहिलासाहिला माल. मी तंबूत बिल्ले घेत होते तेव्हा मिस ओपल मला म्हणाल्या, घरी कुठे फडताळात बिल्ले पडून असतील तर आजच खर्च करून टाक, आजनंतर ते चुलीत घालायच्या लायकीचे.

मी म्हणाले, माझ्याकडे एकही नाही. घेतलेले सगळे त्याच दिवशी खर्च होतात.

"मग जातात कुठे गं?" त्या वैतागून म्हणाल्या. जुलैपासून बिल्ले कमी येताहेत. वाटले किती आणि विकणाऱ्यांकडून परत आले किती, याचा मेळ बसत नाही. विकणाऱ्यांनी आज बाजार उठायच्या आत आणून दिले तर त्यांचा चेक निघेल, नाहीतर त्यांचा माल फुकट गेला असं समजायचं. त्या एका हाताने यंत्राची वायर गुंडाळत हे सगळं सांगत होत्या. लोक किती बेफिकीर असतात, त्या म्हणाल्या.

जुलैपासून. मी बिल्ले मुठीत घट्ट धरले आणि एस्टिलच्या ट्रककडे पाहिलं. एक बाई रताळी घेत होती. तिचे बिल्ले कॉफीच्या डब्यात पडले, मला तिथवर आवाज आला.

मी गेले. शेवटचा घेवडा होता, थोडा पिवळट पडलेला. मी माप सांगितलं, बिल्ले दिले. एस्टिलनी ते मोजले, शर्टाच्या खिशात टाकले आणि बटण लावलं.

मी तिथून हलले नाही. लेटी माझ्या कोटाला धरून उभी होती. आता ती न धरताही उभी राहायची.

"पॅपॉ," मी म्हणाले. लेटीमुळे मीही त्यांना आजोबांच्याच नावाने हाक मारायला लागले होते. "माझे बिल्ले कुठे आहेत?"

"आत्ताच दिलेस की."

"आधीचे. सगळे."

ते रिकामी टोपली दुसऱ्या टोपलीत घालत होते. ती बसेना, त्यांनी फिरवून पुन्हा घातली.

"आहेत," ते म्हणाले.

"मिस ओपलकडे का नाही दिले?"

"तुला काय करायचंय? तुला माल मिळाला ना?"

 माझ्या न बोलण्याने लोक बोलतात, हे मला ठाऊक आहे. त्यांनी टोपली खाली ठेवली.

"नातीच्या तोंडात घास घातला म्हणून सरकारकडून पैसे घेऊ मी?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "तेवढा नाही उतरलो अजून. पोरीला लागतंय, तू नेतेस. तुला हातात काही घेऊन आल्याशिवाय येता येत नाही, तर ये घेऊन. ठेवतो मी."

"म्हणजे उन्हाळाभर आम्ही तुमचं फुकट खाल्लं."

"फुकट कसलं. घरचं खाल्लंत."

त्यांच्या आवाजात मऊपणा होता, आणि त्याचाच मला राग आला. मला वाटलं होतं की आम्ही तिघांनी मिळून एक अवघड गोष्ट सांभाळली आहे. कार्डाची लाज मी गिळली, बापाच्या घेवड्याचा घास वेल्डनने गिळला, आणि यांनी भाव लावला. आता कळलं की भाव लावलाच नव्हता. दोन शेंगा काढून घेणं हे नाटक होतं. आणि त्या नाटकातलं वाक्य मी घरी नेऊन माझ्या नवऱ्याला दिलं होतं, खरं म्हणून.

"मी वेल्डनला सांगितलंय की हे विकतचं आहे," मी म्हणाले. "तो त्या शब्दावर जेवतोय."

एस्टिलनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, टोपी मागे सारून.

"कोण जेवतोय?"

"वेल्डन."

"तो खातो हे?"

मला वाटलं होतं त्यांना ठाऊक असेल. मग लक्षात आलं, कसं ठाऊक असेल? मी त्यांना फक्त लेटीचे आकडे सांगत आले होते. त्यांना वाटत होतं घेवडा पोरीसाठी शिजतो आणि वेल्डन पाठ फिरवून बसतो.

"रोज," मी म्हणाले. "पहिल्या घासाला ओळखलं त्याने."

ते ट्रकच्या फळीवर बसले. फळी त्यांच्या वजनाने करकरली. मिस व्हर्नी मधाच्या बाटल्या खोक्यात भरत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि नको तितक्या हळू भरायला लागल्या.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दिलेलं असेल तर एक दाणा नको. विकतचं असेल तर चालेल."

एस्टिलनी दोन्ही हातांनी गुडघे धरले. त्यांच्या बोटांच्या पेरांत शेंगांचा हिरवा रंग कायमचा बसलाय. लेटी त्यांच्याजवळ सरकली आणि तिने त्यांच्या बुटाची नाडी ओढायला सुरुवात केली. त्यांनी ओढू दिली.

मी सांगितलं की आज रात्री मला हे वेल्डनला सांगावं लागेल. सांगितल्यावर तो ताटाला हात लावणार नाही आणि मेमध्ये मला इथे येऊ देणार नाही. लेटीचं रक्त आत्ता कुठे चढतंय. ते म्हणाले, मग सांगू नकोस. मी म्हणाले, मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण त्याच्याशी या एका गोष्टीबद्दल खोटं नाही बोलणार.

"बापाने वाढलं तर थुंकून टाकेल," एस्टिल म्हणाले, "आणि दुकानदाराने तोलून दिलं तर खाईल. असं आहे तर."

"असं आहे."

"मी बोललो होतो त्याला. ताट घेऊन येशील म्हणून." ते लेटीच्या डोक्यावरून पलीकडे बघत होते. "त्याच्या आईच्या कबरीपाशी बोललो."

मी त्यांना काही धीर दिला नाही. द्यायला नव्हता. तिकडे मिस ओपलच्या तंबूचा एक खांब निघाला होता आणि निळं कापड एका बाजूने लोंबत होतं.

ते उठले, ट्रकचं दार उघडलं आणि सीटखालून एक काचेची बरणी काढली. लोणच्याच्या काकड्या ठेवतात तसली, रुंद तोंडाची. ती बिल्ल्यांनी भरली होती, वरपर्यंत. खिशाचं बटण काढून त्यांनी आजचेही त्यात टाकले. झाकण बसेना म्हणून ते हाताने दाबून धरलं.

"हे दिले ना तिकडे," ते म्हणाले, "की मी त्याला काहीच दिलं नाही असं होईल. तुला कळतंय ना, पोरी? उन्हाळाभर मला वाटत होतं की काहीतरी देतोय मी. घरी जाऊन ही बरणी बघायचो."

मला कळत होतं. मी आई आहे. झोपलेल्या लेटीच्या पोटावर हात ठेवून ते भरलेलं आहे का बघते, तेव्हा मला जे वाटतं तेच ते सांगत होते.

"होय," मी म्हणाले. "काहीच दिलं नाही असंच व्हायला हवं."

ते गेले. बरणी छातीशी धरून, डोंगर चढताना माणूस वाकतो तसे जरा वाकून. मिस ओपल आता गाडीच्या बॉनेटवर हिशेब मांडून बसल्या होत्या आणि दोनतीन विकणारे रांगेत होते. एस्टिल रांगेत उभे राहिले. मी लेटीला उचललं आणि तिथूनच बघत राहिले; ते बिल्ले देतात की नाही हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं, कारण रात्री मला ते सांगायचं होतं. मिस ओपलनी बरणी पाहिली आणि त्यांना जे काय सुनावलं ते मला तुटक तुटक ऐकू आलं, माणसाने किती आळशी असावं, चार महिने मी इथे डोकं फोडून घेतेय. एस्टिल मान खाली घालून ऐकून घेत होते. मिस व्हर्नी तिथेही पोहोचल्या होत्या.

"एवढे बिल्ले, एस्टिल? कुणी मोठं गिऱ्हाईक लागलंय वाटतं."

"लागलंय एक," ते म्हणाले. "भाव करत नाही आणि दर शनिवारी येतं."

त्यांनी सही केली. बरणी रिकामी झाली. ती घेऊन परत आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फळी उचलून लावली, खिळा घातला आणि ट्रक सुरू केला. लेटीने हात हलवला. तो त्यांना दिसला की नाही ते मला कळलं नाही.

रात्री जेवताना मी वेल्डनला सगळं सांगितलं. बरणीसकट सांगितलं. त्याच्या हातातला काटा ताटाच्या कडेवर टेकला आणि तिथेच राहिला. गॅरेजचं काळं त्याच्या नखांत होतं.

"आज दिले?"

"माझ्यासमोर. सही केली."

"सगळे?"

"बरणी उलटी करून दाखवली मिस ओपलनी."

"त्याला चेक मिळणार?"

"मिळणार. डाकेने येईल."

मी श्वास मोजत नव्हते असं म्हणणार नाही. लेटी मध्येच ओरडली, तिला पाव हवा होता. मी पाव दिला. तो तिच्याकडे बघत नव्हता, ताटाकडे बघत होता, जणू त्यावर काहीतरी लिहिलेलं होतं आणि अक्षर लागत नव्हतं. मग त्याने एक घास घेतला. चावला. बराच वेळ चावला.

"जून झाल्यात या खेपेच्या शेंगा," तो म्हणाला.

मी म्हणाले, शेवटचा तोडा आहे, दंव पडायच्या आत घाईने काढला असेल.

"आठवडाभर आधी तोडायला हव्या होत्या. त्याला कळतं ते. वरचा वाफा एकट्याने होत नसेल आता." त्याने दातांतून एक शीर ओढून काढली आणि ताटाच्या कडेला ठेवली. "असला माल विकायचा नसतो. गिऱ्हाईक तुटतं."

"मग सांग जाऊन त्यांना. तू गिऱ्हाईकच आहेस."

"बाजार तर उठला."

"त्यांचं घर कुठे आहे ते तुला ठाऊक आहे."

बाहेर कुठेतरी कुत्रं भुंकलं आणि थांबलं. त्याने ताट माझ्याकडे सरकवलं, मी आणखी वाढलं. मे महिन्यात मी तुझ्याबरोबर येईन, तो म्हणाला. भाव मी विचारतो. मे फार लांब होता, मध्ये अख्खा हिवाळा पडला होता. मी बरं म्हणाले आणि लेटीच्या ओठांत अडकलेली शेंगेची शीर बोटाने काढून घेतली.